बापू, तू परत घेतलेली शिवी

बापू, आज सकाळी रापण ओढली. तू गेल्यानंतर पहिल्यांदाच. दोन्ही तळहात सोलून निघालेत, टाक नीट धरवत नाही, तरी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन लिहायला बसलोय, कारण हे तुला सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरणार नाही. कुणी काही सांगायला लागलं की "फुडे बोल, फुडे बोल" म्हणून तू त्याचा जीव खायचास. आज मात्र मी तुझं ऐकणार नाही. पहिल्यापासून सांगणार. मास्तर आहे मी, मधूनच धडा सुरू करत नाही.

तारकर्लीच्या शाळेवर बदली होऊन आलो तो दिवस. डोक्यावर ऊन, हातात पत्र्याची ट्रंक, चपलांत वाळू. तू माडाच्या सावलीत जाळं शिवत बसला होतास. शाळा कुठे म्हणून मी विचारलं, तर उत्तर राहिलं बाजूला, तूच माझी उलटतपासणी सुरू केलीस. मास्तर खंयचे? मी म्हटलं, वेंगुर्ल्याचा, मामाकडे वाढलो. आवस-बापूस? मी म्हटलं, विजयदुर्गाकडे होते, मी तान्हा असतानाच तापानं गेले. मामाचं नाव विचारलंस, मी सांगितलं. तुझी सुई थांबली. मग तू उठलास, माझी ट्रंक उचलून डोक्यावर घेतलीस आणि शाळेच्या पायरीपर्यंत एक अक्षर बोलला नाहीस. मला वाटलं, काय घुमा माणूस आहे हा!

घुमा! दुसऱ्याच दिवशी तुझं तोंड ऐकलं. रापण लागलेली: समुद्रात अर्धगोल जाळं टाकून होडी परत आलेली, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, एकेका दोराला वीस-पंचवीस माणसं लटकलेली, आणि मध्ये तू, रापणीचा तांडेल, इकडून तिकडे धावत सगळ्यांच्या कुळांचा उद्धार करतोयस. "ओढ रे फटकीच्या! हात काय भाड्यान आणलंस?" पोस्टमनला फटकीच्या. देवळातल्या गुरवाला फटकीच्या. नातवंडं असलेल्या म्हाताऱ्याला फटकीच्या, आणि सुट्टीवर आलेल्या पोलिसाला तर दोनदा. शिवी पडली की त्या माणसाच्या पाठीत काहीतरी फुरफुरायचं आणि दोर हातभर पुढे यायचा. मी डोळे फाडून बघत उभा. मग धोतर खोचलं आणि मीही दोराला हात घातला. आपल्याकडे रीतच आहे, दोराला हात लावला तो रापणीचा. त्याला वाटा मिळतो आणि तुझ्या तोंडचा प्रसादही.

मला वाटा मिळाला. प्रसाद मिळाला नाही. माझ्यापाशी येऊन तू चक्क आवाज खाली घेतलास आणि म्हणालास, "मास्तरांनू, सावकाश. हात सोलतले."

बापू, मला किती राग आला असेल! पहिल्या दिवशी वाटलं, नवीन आहे म्हणून. पहिल्या वर्षी वाटलं, मास्तर आहे म्हणून. पण मग भटजींना कसा सोडत नाहीस? पुढे महाराष्ट्र राज्य झालं, शाळेत पेढे वाटले, त्याही संध्याकाळी रापण होती आणि झेंडावंदनाला आलेल्या पाहुण्यांनासुद्धा तू दोराला लावून फटकीच्या म्हटलंस. ते बिचारे खूश होऊन घरी गेले. मी मात्र मास्तरांनू, सावकाश. दर रविवारी ओढत होतो, पाठ मोडेपर्यंत ओढत होतो, मुद्दाम दोर सैल सोडूनही बघितला. तू येऊन माझ्या शेजारी स्वतः ओढायला लागलास, पण तोंडातून हूं की चूं नाही. मी घरी जाऊन बायकोवर करवादायचो. ती म्हणायची, लोक शिवी बसली म्हणून भांडतात, तुम्ही बसली नाही म्हणून भांडताय.

एकदा न राहवून मी तुला त्या शब्दाचा अर्थच विचारला. फटकी म्हणजे पटकी, कॉलरा. म्हणजे तू ज्याला त्याला कॉलऱ्याच्या घरातला म्हणतोस, कॉलरा लागो म्हणतोस, हे काय बोलणं झालं का, असं मी शिक्षकी थाटात सुनावलं. खरं तर मला तुला बोलतं करायचं होतं. तू तंबाखू मळत होतास. "अर्थ कसलो इचारतास, मास्तरांनू?" म्हणालास. "दोर फुडे सरकता मां? तोच अर्थ." पण हे म्हणताना तू माझ्याकडे बघितलं नाहीस, हे मला आज आठवतंय.

आणि तो तपासणीचा दिवस! आजही लिहिता लिहिता हसू येतंय, बायको दारातून डोकावून गेली. घाटावरचे साहेब शाळा तपासायला आले होते. शुद्धलेखन चाललेलं, आणि चौथीतल्या चंद्रीनं शेजारणीला कोपर मारून म्हटलं, "सरक गो फटकीच्या." साहेबांचे कान टवकारले. गुरुजी, हा शब्द काय? माझी नोकरी डोळ्यांसमोर तरंगायला लागली. मी म्हटलं, साहेब, इकडे आपल्या माणसाला प्रेमानं म्हणतात. साहेबांनी खिशातून वही काढली आणि शब्द टिपून घेतला. संध्याकाळी रापण चालू असताना त्यांना किनारा दाखवायला आणलं, तुझी ओळख करून दिली. निघताना साहेबांनी हात जोडले आणि अगदी मनापासून म्हणाले, बरंय फटकीच्या, येतो आम्ही. बापू, दोन्ही दोर जागच्या जागी थांबले. लाटसुद्धा थांबली असं मला वाटलं. आणि तू दोन्ही हात जोडून, कमरेत वाकून, "येवा साहेबानू, परत येवा" म्हणालास, आणि चांगले मोठे बांगडे झावळीत बांधून त्यांच्या हातात दिलेस. साहेब दिसेनासे झाल्यावर तू वाळूत बसकण मारलीस आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलास. सगळे लोळत होते. त्या हसण्यात मी म्हणून गेलो, तुकासुद्धा साहेबाकडसून गावली, माका कधी गावतली?

तुझं हसणं तिथल्या तिथे थांबलं. "तुमका कित्याक होयी ती?" एवढंच म्हणालास आणि उठून गेलास.

आता मोठ्या रापणीच्या दिवसावर येतो. त्या दिवसावरच आपलं सगळं अडलं. दोन वर्षं होतील आता. तूच सकाळी पाण्याचा रंग बघून ओरडत आलास. शाळेच्या खिडकीतून मला समुद्रावर काळा डाग दिसला, ढगाच्या सावलीसारखा, पण आभाळ तर कोरडं होतं. बांगड्यांचा थवा. मी शाळा सोडून दिली, आणि मुलांच्या आधी मीच पोचलो. अख्खी वाडी दोराला होती. बायका होत्या, वाणी दुकान उघडं टाकून आला होता. जाळं इतकं जड झालेलं की दोर ताणून कुरकुरत होता आणि तू वेड्यासारखा इकडून तिकडे नाचत होतास. आमच्या बाजूच्या दोन माणसांचे पाय घसरले. दोर मागे जायला लागला, मी पुढे होतो, माझ्या टाचा वाळूत खोल गेल्या, आणि सगळं ओझं माझ्या एकट्याच्या हातावर आलं असं वाटलं. तेवढ्यात तुझा आवाज आला.

"ओढ रे फटकीच्या! सोडू नको!"

माझ्याकडे बघून. माझ्या डोळ्यांत बघून! बापू, काय सांगू तुला. मी आयुष्यात एवढा जोर कधी केला नव्हता. पाय रोवले, तोंडातून काय ओरडलो देव जाणे, आणि दोर थांबला, मग पुढे यायला लागला. जाळं वाळूवर आलं तेव्हा चांदीच चांदी उडत होती, पोरं त्यात लोळत होती, आणि मी मासे बघतच नव्हतो. मी तुला शोधत होतो, मिठी मारायला. दहा वर्षांनी मला माझं नाव मिळालं होतं.

तू नव्हतास. जाळं वाळूवर आलेलं असताना तांडेल निघून गेला, असं तारकर्लीच्या किनाऱ्यावर कुणी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडी पाण्यात लोटायच्या आधी तू नारळ घेऊन उभा राहिलास. गाऱ्हाणं तू नेहमीच घालायचास. देवाला सगळं मोकळ्या आवाजात सांगायचं आणि बाकीच्यांनी होकार द्यायचा, ही आपली रीतच. पण त्या दिवशी तू भलतंच गाऱ्हाणं घातलंस. मला ते अक्षर न् अक्षर पाठ आहे.

"बा देवा म्हाराजा, दर्याच्या राजा, काल ह्या तोंडातसून एक शब्द गेलो."

"व्हय म्हाराजा."

"ज्याच्यार गेलो तेका तो लागा नको. माझो शब्द माका परत दी. पडलोच तर माझ्यार पडांदे."

"व्हय म्हाराजा."

सगळ्यांनी होकार दिला, सवयीनं. कुणाला काही कळलं नव्हतं. मला मात्र वाटलं, मला कळलं. तू मला दिलेलं सगळ्या गावासमोर काढून घेतलंस. मास्तर वेगळा, परका, त्याला आपली शिवीसुद्धा नको. मी तिथेच तुझ्यावर तुटून पडलो. म्हटलं, शब्द परत घ्यायला तू काय मला उसना दिला होतास? सगळ्यांना वाटतोस, माझ्यासाठी तेवढा तुझा हात आखडतो? मी आणखीही बोललो, ते लिहायची लाज वाटते. तू खाली बघत होतास, हातात फुटलेला नारळ, पाणी बोटांवरून गळत होतं. शेवटी एवढंच म्हणालास, "मास्तर, तू समाजतस तसा नाय ता." आदल्या दिवशीची ती हाक सोडली तर पहिल्यांदाच मला 'तू' म्हणालास, आणि रागाच्या भरात माझ्या ते लक्षातही आलं नाही.

त्यानंतर मी दोराला हात लावला नाही. दोन हंगाम, बापू. माझा राग म्हणजे काय, तुला माहीत आहे, वाळलेल्या काथ्यासारखा, सुटता सुटत नाही. आणि तू? रापण झाली की माझ्या ओट्यावर माझा वाटा यायचा, न ओढलेल्या दोराचा वाटा. कधी बांगडे, कधी पेडवे, कधी नुसते चार ढोमे. बायको कालवण करायची आणि मी मान खाली घालून खायचो. एकदाही परत पाठवले नाहीत आणि एकदाही तुझ्याकडे येऊन चांगले होते म्हटलं नाही. त्या दोन वर्षांत आपण समोरासमोर कितीदा आलो असू, वाट तर एकच. तू थांबायचास, मी घाईत असल्यासारखा निघून जायचो. घाई कसली? शाळा माझी, घंटा माझ्याच हातात.

तू गेलास ते भर दुपारी, जाळं शिवता शिवता, त्याच माडाखाली. मी वर्गात होतो. धावत आलो तर सुई अजून जाळ्यात अडकलेली होती. तुला खांदा दिला. तेवढंच करता आलं.

दहाव्या दिवशी वयनीनं मला बोलावून घेतलं. तुझी बायको कधी फार बोलली नाही, तुझ्यासमोर कुणाला बोलायला जागा होती? तिनं मला समोर बसवलं आणि सरळ सांगून टाकलं. तिचेच शब्द लिहितो.

"तुझ्या आवशी-बापाशीक ताप नाय इल्लो. फटकेन न्हेल्यान, एका दिसात दोघांक. हे तेव्हा विजयदुर्गाक मचव्यार खलाशी होते. घरात कोण पाय घालीना. तू आतमधी रडत होतंस."

तू घरात पाय घातलास. माझी आई अजून बोलत होती, वेंगुर्ल्याला भाऊ आहे एवढं तिनं सांगितलं. तू मला पोत्यात गुंडाळून होडीत घातलंस. बरोबरचे दोघे खलाशी घाबरून उडी टाकून पोहत किनाऱ्याला गेले. तू एकटा शीड सांभाळत, एका हाताने मला धरत, वेंगुर्ल्यापर्यंत आलास. विशीचा असशील तेव्हा. आणि तिथे बंदरावर लोक दगड घेऊन उभे. वयनी म्हणाली, ते ओरडत होते, "फटकीच्या पोराक हंय उतरव नको." तीन दिवस तू मला होडीतच ठेवलंस, किनाऱ्यापासून दगड पोचणार नाही एवढ्या अंतरावर. शहाळी उतरवून घेतलेली होती, त्यांचं पाणी फडक्याच्या टोकानं माझ्या तोंडात पिळायचास. चौथ्या दिवशी मामा आला. त्यानं मला घेतलं आणि तुला शपथ घातली की पोराला हे कधी कळू द्यायचं नाही, नाहीतर जन्मभर लोक त्याला त्या नावानं हाक मारतील.

"तेच नाव तेंच्या तोंडातसून तुझ्यार पडला," वयनी म्हणाली. "त्या दिसा जेवले नाय ते. म्हणत होते, मीया दगड मारलंय तेका."

बापू, मी तिथे वयनीसमोर ढसाढसा रडलो. मग तुझा असा राग आला की तू समोर असतास तर तुझा गळाच धरला असता. अरे, एक शब्द बोलला असतास! शपथ मामाची होती, मामा जाऊन किती वर्षं झाली! तू जगाला ज्या शब्दानं हाकारलंस, त्याचा खरा अर्थ ठाऊक असलेला गावात तू एकटाच होतास, आणि माझ्यावर तो चुकून पडला म्हणून देवाकडून स्वतःवर मागून घेतलास. आणि मी तुला काय बोललो! पहिल्या दिवशी माझी ट्रंक डोक्यावर घेऊन चाललास तेव्हा तुझ्या मनात काय चाललं असेल, त्याचा विचार करून मला चार दिवस झोप नाही. होडीत उचललेलं पोर मास्तर होऊन परत आलं आणि शाळा कुठे म्हणून तुलाच विचारतंय. ते शहाळ्याचं पाणी मला आठवत नाही, बापू. खूप प्रयत्न केला. नाही आठवत. त्याबद्दल तुला काय म्हणायचं असतं, तेही मला सुचत नाही.

पण एक गोष्ट सुचली, आणि ती आज केली.

तुझा पुतण्या दत्तू आता तांडेल. आज पहिली रापण, नारळ त्याच्या हातात होता, आणि तो गडबडला होता, पोराला गाऱ्हाणं येत नाही अजून नीट. मी पुढे झालो. दोन वर्षांनी मास्तरला किनाऱ्यावर बघून सगळ्यांनी वाट करून दिली. मी नारळ घेतला. माझा आवाज फळ्यापुढे कधी कापत नाही, तिथे कापला.

"बा देवा म्हाराजा, आमच्या बापून एक शब्द परत घेतललो."

"व्हय म्हाराजा."

"तो तेच्यार ठेवू नको. तो शब्द माझो आसा. माझ्या जल्माचो आसा. माका परत दी."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग मागून गुरवानं म्हटलं, "व्हय म्हाराजा," आणि मग सगळ्यांनी.

जाळं टाकून होडी परत आली. दोर हातात घेतला. काथ्या बोचला तेव्हा कळलं, हात किती मऊ पडलेत, नुसत्या खडूला सरावलेत. दत्तूला हळूहळू तोंड फुटलं. पोस्टमनला बसली, वाण्याला बसली, गुरवाला बसली. तुझ्याइतकी धार नाही, पण येईल. मग तो माझ्यापाशी आला. मी वाट बघत होतो, बापू, पहिल्या दिवशी बघितली होती तशीच. त्यानं तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मास्तरांनू, जरा..." आणि अडला.

वयनी वर माडाखाली बसली होती, टोपली घेऊन, तुझ्याच जागी. ती किनाऱ्यावर येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. ती उठली, पदर खोचला आणि सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशी ओरडली.

"ओढ रे फटकीच्या!"

आवाज तिचा, पण ठेका अगदी तुझा. मी तिला ओ दिली, बापू, मोठ्यानं, हजेरीत पोरं देतात तशी. आणि ओढली.